ढोमीच्या पिशवीपासून डॉल्फिनच्या फुत्काराकडे: कोकणात राहून फुप्फुस शिकायचं कसं

हर्णै बंदरावर संध्याकाळचा लिलाव उरकला की टोपल्या मांडून बसलेल्या मावशींकडून अर्धा किलो ढोमी घ्या. पापलेट, सुरमई आज नको. ढोमी स्वस्त असते, ताजी मिळते आणि तिच्या पोटात पाठीच्या काट्याला लागून एक पांढरी, चकाकती पिशवी असते. फुप्फुस शिकायला सुरुवात तिथून करायची.

मी दापोली तालुक्यात बरीच वर्षं विज्ञान शिकवते. फुप्फुसाचा धडा मुलांना तोंडपाठ असतो: श्वासनलिका, तिच्या दोन शाखा, शेवटी वायुकोश, खाली श्वासपटल. पण बेडकाला बरगड्याच नाहीत तर तो श्वास कसा घेतो, कासवाची पाठ कवचाने जखडलेली आहे तर त्याची छाती फुगते कुठे, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. ही उत्तरं आपल्या बाजारात, खाडीत आणि पावसाळ्यातल्या अंगणात पडलेली आहेत. ज्यांनी शाळेनंतर या विषयाला हात लावलेला नाही, त्यांनीही इथून सुरुवात करायला हरकत नाही.

आधी एक सवय लावून घ्या. प्राणी कुठलाही असो, समोर आला की विचारायचं: याच्या आत हवा ढकलतं कोण? फुप्फुस आपणहून फुगत नाही, त्याला फुगवणारं दुसरंच कोणीतरी असतं. ते कोण हे सापडलं की बाकीची रचना आपोआप उलगडत जाते.

आणि एक हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. ३० अंशांच्या एक लिटर गोड्या पाण्यात तो जेमतेम ५ मिलिलिटर, खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. पाणी जितकं कोमट आणि साचलेलं, तितका आणखी कमी. पुढची सगळी गोष्ट या दोन आकड्यांमधल्या फरकावर उभी आहे.

पायरी पहिली: मासा

ढोमी साफ करायच्या आधी तिच्या गालावरचं झाकण उचला. आत लाल कल्ले दिसतील. मासे घेताना ताजेपणा बघायला आपण हेच करतो, पण आज एक कल्ला कात्रीने कापून वाटीभर पाण्यात सोडा. त्याच्या बारीक पाकळ्या पिसासारख्या सुट्या होतात, प्रत्येक पाकळीभोवती पाणी खेळतं. आता तोच कल्ला चिमटीत धरून बाहेर काढा. सगळ्या पाकळ्या एकमेकींना चिकटून ओल्या केसांच्या बटेसारखा गोळा होतो. हवेत ऑक्सिजन चाळीसपट असूनही मासा बाहेर का तडफडतो, हे या वाटीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं मी कुठल्याच आकृतीत पाहिलेलं नाही.

मग पोट चिरा. आतडी बाजूला सारली की पाठीच्या कण्याखाली ती गाजराच्या आकाराची पिशवी दिसेल. हा वाताशय. याच्यात वायू कमीजास्त करून मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगत राहतो. ढोमीच्या कुळातले मासे या पिशवीलगतचे स्नायू थरथरवून आवाजही काढतात. याच कुळातल्या घोळीची पिशवी म्हणजे कोळीवाड्यांत सांगतात तो ‘बोत’, ज्याच्यामुळे एका घोळीला लाखांचा भाव येतो.

ढोमीची पिशवी बंद असते, तिला बाहेर वाट नसते. म्हणून दुसऱ्या दिवशी गोड्या पाण्यातला रोहू आणा आणि सावकाश उघडा. त्याच्या पिशवीचे दोन कप्पे असतात आणि तिथून एक बारीक नळी अन्ननलिकेला जाऊन मिळते. ती नळी दिसली तर थांबा आणि नीट बघून घ्या, कारण फुप्फुसाचा जन्म असाच झालेला आहे. फुप्फुस म्हणजे अन्नाच्या वाटेला फुटलेली पिशवी. आईच्या पोटात चौथ्या आठवड्यात आपलंही फुप्फुस घशाच्या वाटेला आलेल्या एका कोंबासारखंच फुटतं. जेवताना ठसका लागतो तो त्यामुळेच: अन्नाची वाट आणि हवेची वाट घशात एकमेकींना ओलांडतात.

इथे एक चूक पुष्कळ जण करतात. माशाच्या वाताशयाचं पुढे फुप्फुस झालं, असं सांगितलं जातं. डार्विनने १८५९ साली तसंच मांडलं होतं. आज क्रम उलटा मानला जातो. आधी फुप्फुस होतं आणि बहुतेक माशांत त्याचा पुढे वाताशय झाला. याचा पुरावा जिवंत आहे. आफ्रिकेतल्या नद्यांत बिचिर नावाचा फार जुन्या घराण्यातला मासा आहे, त्याला घशाच्या खालच्या बाजूने निघालेली फुप्फुसांची जोडी असते. आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या फुप्फुसमीनांना खरीखुरी फुप्फुसं असतात. आफ्रिकी फुप्फुसमीन तर तळं आटलं की चिखलात स्वतःला कोंडून घेऊन महिनोन्‌महिने हवेवर जगतो. १९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सापडलेल्या सीलाकॅन्थमध्येही फुप्फुसाचा निकामी अवशेष आहे. खोल समुद्रात गेल्यावर त्याला त्याची गरज उरली नाही.

आणि मोरी, म्हणजे छोटा शार्क? बाजारात मोरी मिळाली तर तिचं पोटही बघा. वाताशय सापडणार नाही. मोरी, मुशी, वाघळी यांच्या घराण्यात तो नसतोच. मोरीचं काळीज, म्हणजे यकृत, तेलाने भरलेलं असतं, तरंगायला तिला त्याचीच मदत होते.

पायरी दुसरी: खाडी

ओहोटी लागली की तिवरांच्या कडेला दुर्बीण घेऊन बसा. दाभोळ, केळशी, आडे, कुठलीही खाडी चालेल. चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलात वावरणारे छोटे मासे, उड्या मारताना दिसतील. हालचाल केलीत तर बिळात जातील, म्हणून पंधरा मिनिटं गप्प बसायची तयारी हवी.

एका निवटीवर नजर ठेवा. तिचे गाल फुगलेले दिसतात, कारण कल्ल्यांच्या कप्प्यात तिने पाणी आणि हवा भरून घेतलेली असते. मधूनच ती चिखलात कुशीवर लोळते आणि अंग ओलं करून घेते, कारण तिचा बराचसा श्वास कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातून चालतो. तिला फुप्फुस नाही. पाण्यातून जमिनीवर येणाऱ्या प्राण्याचं चित्र म्हणून पुस्तकांत निवटीला उभं करतात, पण ती आपल्या पूर्वजांच्या वाटेवरची नव्हे. तिने स्वतःची वेगळी वाट काढली आहे.

अशा वेगळ्या वाटा आपल्या ओढ्यांतही आहेत. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेचा कप्पा असतो. मागुराच्या कल्ल्यांवर झाडाच्या फांद्यांसारखा अवयव असतो. शिंगीला कल्ल्यांपासून शेपटीकडे गेलेली लांब नळी असते. म्हणून मरळ बादलीत तासन्‌तास जिवंत राहते आणि वर येऊन हवा गिळते. कोमट, साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी, वर हवेत मात्र रेलचेल. हा पेच माशांच्या कितीतरी घराण्यांनी आपापल्या परीने सोडवला. चाळीस कोटी वर्षांहून आधी एका घराण्याने तो घशाच्या पिशवीने सोडवला, आणि आपण त्या घराण्यातले. कॅनडाच्या उत्तर टोकाला २००४ साली सापडलेला टिकटालिक, मासा आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधला जीव, साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे पाय फुटायच्या कितीतरी आधी, पाण्यातच, फुप्फुस तयार होतं.

पायरी तिसरी: पहिला पाऊस

जूनमध्ये शेतात पाणी साचलं की पिवळे धम्मक बेडूक बाहेर येतात. बॅटरी घेऊन जा, बेडूक पकडू नका, फक्त जवळ बसा. त्याच्या गळ्याकडे बघा. गळा सतत फडफडत असतो. ती बारीक फडफड म्हणजे नुसती तोंडातली हवा बदलणं. मधूनच एकदा गळा जोरात वर दाबला जातो आणि कुशी फुगतात, ती हवा फुप्फुसात गेली. बेडूक नाकपुड्या उघड्या ठेवून गळा खाली करतो, हवा तोंडात येते. मग नाकपुड्या मिटतो आणि गळा वर उचलून ती हवा आत ढकलतो. आपण हवा ओढून घेतो, बेडूक ती गिळल्यासारखी दाबतो. हवा दाबायचं हे काम तोंडाचं, आणि हीच रीत फुप्फुसमीनांचीही आहे.

बेडकाचं फुप्फुस साधं असतं, आतून थोड्या घड्या पडलेल्या पातळ फुग्यासारखं. जोडीला ओली कातडी असते म्हणून भागतं. त्या पातळपणाचा एक मोठा उपयोग झाला. हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली रक्ताभिसरण सांगितलं, पण रोहिणीतलं रक्त शिरेत जातं कुठून हे त्याला दिसलं नव्हतं. १६६१ साली मालपिघी या इटालियन वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचं फुप्फुस ठेवलं आणि त्याला रोहिणी आणि शिरा जोडणाऱ्या केशवाहिन्या दिसल्या.

त्याच रात्री कुंपणाच्या भिंतीवर गोगलगाय शोधा. मोठी शंखी गोगलगाय असेल तर उत्तम. शंखाच्या काठाशी, उजव्या अंगाला, मऊ मांसात एक गोल भोक उघडतं आणि मिटतं. तेच तिचं श्वासाचं दार. आतला कप्पा फुप्फुसाचं काम करतो, पण आपल्या फुप्फुसाशी त्याचं काही नातं नाही. कोळी आणि विंचू यांचंही तसंच: त्यांच्या पोटाखाली वहीच्या पानांसारखे पडदे असतात. (गोगलगाय हाताळलीत तर साबणाने हात धुवा, मोठ्या शंखीच्या अंगात जंत असू शकतात.)

पायरी चौथी: कासव, साप, मगर, घोरपड

इथे हात लावायचा नाही. हे प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि बघण्यासारखं सगळं लांबून दिसतं.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वेळास किंवा आंजर्ल्याला जा, ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा. कासवाच्या बरगड्याच कवचात मिसळून गेल्या आहेत. छाती फुगवायचा प्रश्नच मिटला. त्याची फुप्फुसं पाठीच्या कवचाला आतून चिकटलेली असतात आणि पोटाकडचे स्नायू आतड्यांना वरखाली सारतात, त्याने हवा येते-जाते. पोहताना कासव पाण्याबाहेर डोकं काढतं ते क्षणभरच. त्या एका श्वासात आतली बरीचशी हवा बदलून होते. जाळ्यात अडकलेलं कासव मरतं ते बुडून. त्याला कल्ले नसतात, वर यायला मिळालं नाही की संपलं. हे मी दर वर्षी मुलांना मुद्दाम सांगते, कारण पाण्यातला प्राणी पाण्यात बुडू शकतो हे कित्येकांना पटत नाही.

सापाचं अंग अरुंद, म्हणून डावं फुप्फुस नावापुरतं उरलं आणि उजवं लांबच लांब झालं. त्याच्या पुढच्या भागात श्वासाचं काम होतं, मागचा भाग नुसती हवेची पिशवी. अजगराला मात्र दोन्ही फुप्फुसं असतात. बेडूक गिळणारी धामण दिसली तर तिच्या खालच्या जबड्यात बघा: श्वासनलिकेचं तोंड पुढे आलेलं दिसतं, म्हणजे तोंड भरलेलं असतानाही श्वास चालू. मालवण, रत्नागिरीकडे रापणीत किंवा ट्रॉलच्या जाळ्यात समुद्रसाप येतात. त्यांचं फुप्फुस जवळजवळ शेपटीपर्यंत पोहोचतं. ते अतिशय विषारी असतात. मेलेला वाटला तरी हात लावू नका.

चिपळूणला वाशिष्ठीच्या पुलावरून किंवा खेडला जगबुडीच्या काठी वाळूवर पडलेल्या मगरी दिसतात. मगरीत हवा ओढायचं काम यकृत करतं. एक स्नायू यकृताला मागे ओढतो, पुढे पोकळी होते, हवा आत शिरते. मगरीच्या अमेरिकेतल्या नातेवाइकांमध्ये, म्हणजे ॲलिगेटरमध्ये, हवा फुप्फुसातून एकाच दिशेने फिरते हे २०१० साली दाखवलं गेलं, आणि २०१४ साली घोरपडीच्या एका आफ्रिकी जातीतही ते सापडलं. तोवर ही खुबी फक्त पक्ष्यांची समजली जायची.

पायरी पाचवी: कोंबडी आणि बकरा, एकाच रविवारी

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. दोघांची श्वासनलिका आणि फुप्फुसं शेजारी शेजारी ताटात हवीत. कोंबडी गावठी असो वा ब्रॉयलर, दुकानदाराला सांगा की मान लांब ठेव आणि पाठ फोडू नकोस. खाटकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा: “भाऊ, फुप्फुसं नरड्यासकट पाहिजेत, सुरी लागू देऊ नका.” सुरी लागली तर हवा भरणार नाही. हातमोजे घाला, आणि काहीही झालं तरी नळीला तोंड लावून फुंकू नका. जनावराच्या फुप्फुसात क्षयाचे जंतू असू शकतात. फुटबॉलचा पंप आणि रबरी नळी वापरा.

आधी दोघांची श्वासनलिका बोटाने चाचपा. बकऱ्याच्या नळीवरच्या कुर्चेच्या कड्या मागून उघड्या असतात, घोड्याच्या नालासारख्या. अन्ननलिका नेमकी तिथेच टेकलेली असते. कोंबडीच्या कड्या मात्र पूर्ण गोल. आता बकऱ्याची नळी खाली खाली बघत जा. दोन शाखा फुटायच्या आधीच उजवीकडे एक वेगळी बारीक फांदी निघालेली दिसेल, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या पाळीकडे जाणारी. आपल्याला ती फांदी नसते. गाय, मेंढी, डुक्कर यांच्यात असते. माझ्या एका विद्यार्थिनीला ती पुस्तकातल्या आकृतीत सापडेना म्हणून ती रडवेली झाली होती. आकृती माणसाची होती, ताटात बकरा होता.

मग पंपाची नळी श्वासनलिकेत घालून सुतळीने आवळून बांधा आणि हळू हवा सोडा. हातभर अंतरावर डोळे ठेवा. आधी मळकट, तपकिरी-लाल, बसलेलं मांस असतं. हवा शिरते तसा कडेच्या एका पाळीवर गुलाबी ठिपका उमटतो, तो पसरत जातो, शेजारच्या पाळीला जाऊन मिळतो, आणि बघता बघता सगळं फुप्फुस फिकट गुलाबी होऊन ताट भरून टाकतं. वर बारीक जाळी दिसते. पंप काढला की ते सुस्कारा टाकल्यासारखं आवाज करत आपोआप बसतं. त्या बसण्यात लवचीकपणा आहे, आणि श्वास सोडायला आपल्याला जोर का लागत नाही याचं उत्तरही.

एक तुकडा कापून बादलीत टाका, तरंगेल. काळजाचा तुकडा बुडेल. फुप्फुसाचा तुकडा पाण्याखाली दाबला की फेस येतो, आणि तो फेस लवकर विरत नाही. वायुकोशांच्या आतून एक साबणासारखा पातळ थर असतो, तो त्यांना मिटू देत नाही. १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की दिवस भरायच्या आत जन्मलेल्या कित्येक बाळांचा श्वास याच थराच्या अभावी कोंडतो. आज अशा बाळांना तो थर औषध म्हणून देता येतो. हा थर फुप्फुसमीनांतही असतो, इतका तो जुना आहे.

माणसाच्या दोन फुप्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. सगळे उलगडून पसरले तर साडेसातशे चौरस फुटांच्या घराची जमीन झाकली जाईल. बेडकाच्या फुग्याला घड्या पडत पडत इथवर मजल आली, कारण गरम रक्ताच्या प्राण्याला ऑक्सिजन भरपूर लागतो. आणि आत हवा ओढतं श्वासपटल, ते फक्त सस्तन प्राण्यांचं.

आता कोंबडी. फुप्फुसं शोधायला लागतील, कारण ती लोंबत नाहीत. पाठीच्या आतल्या बाजूला, बरगड्यांच्या मधल्या खाचांत रुतून बसलेले गुलाबी, स्पंजासारखे तुकडे तीच. पाठीचा तुकडा रश्शात घातला तर ताटात तुम्ही ते अनेकदा बघितलेले असतात. नखाने अलगद सोडवा, पाठीवर बरगड्यांचे खोल चर उमटलेले दिसतील. ही फुप्फुसं फुगतच नाहीत. फुगतात त्या नऊ हवेच्या पिशव्या, साबणाच्या फुग्यासारख्या पातळ, पोटात आणि छातीत पसरलेल्या, काही हाडांतही शिरलेल्या.

लोहाराचा भाता आठवा. भाता वेगळा, भट्टी वेगळी. पक्ष्यात पिशव्या हा भाता आणि फुप्फुस ही भट्टी. पहिल्या श्वासात हवा मागच्या पिशव्यांत जाते, सोडताना ती फुप्फुसातून पुढे सरकते, दुसऱ्या श्वासात पुढच्या पिशव्यांत, आणि दुसऱ्यांदा सोडताना बाहेर. म्हणजे हवेच्या एका घोटाला दोन श्वास लागतात, आणि फुप्फुसातून ती कायम एकाच दिशेने वाहते. आपल्या फुप्फुसात ताजी आणि वापरलेली हवा मिसळते, पक्ष्यात फारशी मिसळत नाही. हिमालय ओलांडून आपल्याकडे येणाऱ्या पट्टकदंब हंसांना त्या विरळ हवेत याच रचनेचा मोठा आधार मिळतो.

हा भाता छातीचं हाड वरखाली होऊन चालतो. म्हणून मुलांना एक सांगून ठेवा: कोंबडी, पोपट किंवा जखमी पक्षी उचलताना छाती आवळू नका. नाक-तोंड मोकळं असूनही तो गुदमरून मरतो.

पायरी सहावी: डॉल्फिन

हर्णै, मुरुड, दाभोळ, तारकर्ली इथून होड्या सुटतात. शांत समुद्राची सकाळ निवडा आणि तांडेलाला कळपाजवळ इंजिन मंद करायला सांगा. मग डोळे मिटा. प्रत्येक पाठ वर आली की ‘फुऽस्’ असा आवाज येईल, तो नाकपुडीचा, आणि ती डोक्यावर असते. घशाची आणि नाकाची वाट डॉल्फिनमध्ये वेगळी झाली आहे: स्वरयंत्र चोचीसारखं वर जाऊन नाकाच्या नळीत बसतं. रोहूच्या पोटातल्या त्या नळीपासून आपल्या मागे लागलेला ठसका डॉल्फिनला सहसा लागत नाही. आपण शांत बसलेले असताना एका श्वासात अर्धा लिटर हवा बदलतो, जागा सहा लिटरची असूनही. डॉल्फिन एका फुत्कारात फुप्फुसातली सुमारे ऐंशी टक्के हवा बदलतो.

पावसाळ्यात होड्या बंद असतील तेव्हा रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघा. तिथे देवमाशाचा सांगाडा आहे. बरगड्यांचा पिंजरा बघून आत केवढं फुप्फुस मावत असेल याचा अंदाज बांधता येतो.

आणि किनाऱ्यावर जिवंत व्हेल किंवा डॉल्फिन लागला तर? २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याजवळ व्हेलचं पिल्लू वाळूत अडकलं होतं, तेव्हा किनारा माणसांनी भरून गेला होता. पाण्यात तरंगणारं शरीर वाळूवर स्वतःच्याच वजनाखाली दबतं, छाती फुगवायला जड जातं, अंग तापतं. वन विभागाला १९२६ वर फोन करा. अंगावर ओलं कापड टाका, पाणी ओता, पण डोक्यावरची नाकपुडी उघडी ठेवा, तिथे पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. शेपटीला दोर बांधून ओढू नका. गर्दी मागे ठेवा. मग घड्याळ लावून दोन फुत्कारांमधलं अंतर मोजत राहा आणि वेळेसकट लिहून ठेवा. पशुवैद्य पोहोचले की तो कागद त्यांच्या हातात द्या.